जुनी मेमरी घेताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुन्या वस्तू विकत घेण्याची आपल्या घराघरांत एक रीत असते. ती कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येते. जुनी सायकल घ्यायची तर चाक फिरवून ते डगमगतं का ते पाहायचं. जुनं पुस्तक घ्यायचं तर शेवटची पानं जागेवर आहेत ना ते बघायचं. शिलाई मशीन घ्यायचं तर सोबत चिंधी न्यायची आणि दुकानदारासमोरच चार टाके घालून पाहायचे. पण संगणकाची जुनी मेमरी, म्हणजे जिला रॅम म्हणतात ती, घ्यायची वेळ आली की ही सगळी शहाणीव कामाला येत नाही. हातात वीतभरापेक्षा लहान हिरवी पट्टी येते. तिच्यावर काळे चौकोन, कडेला सोनेरी दात. ती फिरत नाही, आवाज करत नाही. नवी आणि जुनी शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळत नाही. मग घेणारा एकतर देवाच्या भरवशावर घेतो, नाहीतर घाबरून नवीच घेतो. आज मला एवढंच सांगायचं आहे, की या पट्टीचंही चाक फिरवून पाहता येतं. तेवढं केलं तर संगणकाच्या बाजारात जुन्या मेमरीइतका भरवशाचा जुना माल दुसरा क्वचितच मिळेल.

मी काही विज्ञानाचा माणूस नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कविता लिहितो. पण आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या समितीवर आहे, आणि या विषयाशी माझा संबंध आला तो तिथल्या एका संगणकामुळे.

आमचं वाचनालय 'क' वर्गातलं. शासनाचं अनुदान पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि पगार यांतच संपतं. देणगीतून २०१९ मध्ये एक संगणक आला. त्यावर पुस्तकांची नोंद होते, पण त्याचा खरा उपयोग गावातल्या मुलामुलींना. भरतीचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेची हॉलतिकिटं, सगळं तिथे. २०२५ च्या पावसाळ्यापासून हा संगणक रडायला लागला. अर्जाचं पान उघडलं, फोटो चढवला, सही चढवली की तो जो थांबायचा तो दहा दहा मिनिटं. एका भरतीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी एक मुलगी संध्याकाळी पाचपासून बसली होती. अर्ज तीनदा अर्ध्यावर बंद पडला. चौथ्यांदा गेला तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते, आणि तोवर ग्रंथपाल बाई, त्या मुलीचे वडील आणि शिपाई असे तिघे दिवे चालू ठेवून बसले होते.

तालुक्याच्या गावातल्या एका दुकानदाराने संगणक न उघडताच सांगितलं, "हा गेला, नवा घ्या," आणि दरपत्रक पाठवून दिलं. तेवढे पैसे समितीकडे नव्हते. बाई मला म्हणाल्या, "भाई, तुम्ही महिन्यातनं एकदा मुंबईला जाता. तिथं काही जुनंपानं मिळतं का बघा ना." पण काय जुनंपानं आणायचं, हे आधी ठरवायला हवं होतं. ते ठरवलं वाचनालयातच अभ्यासाला येणाऱ्या बी.एस्सी.च्या एका मुलाने, आणि तेही पाच मिनिटांत. त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडली. तिच्यातल्या 'परफॉर्मन्स' या भागात मेमरीची माहिती दिसते. एकूण ४ जीबी, त्यातली ९४ टक्के वापरात, आणि जागा दोन, पैकी भरलेली एक. "काका," तो म्हणाला, "याला बाकी काही झालं नाहीये. याला टेबल लहान पडतंय."

टेबलाचा हा दाखला मला पटला, कारण तो वाचनालयातलाच होता. संगणकाची डिस्क म्हणजे आपली कपाटं, आणि मेमरी म्हणजे वाचायचं टेबल. कपाटात दहा हजार पुस्तकं असोत, एका वेळी टेबलावर मावतील तेवढीच उघडून वाचता येतात. टेबल भरलं की एक पुस्तक कपाटात ठेवून दुसरं आणावं लागतं. संगणकही तेच करतो. मेमरी भरली की तो तिच्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागला की परत आणतो. डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी मंद असते, म्हणून सगळा वेळ या ये-जा करण्यात जातो आणि आपल्याला वाटतं यंत्र झोपलं.

म्हणून पहिला नियम हा, की मेमरी घ्यायच्या आधी ती कमी पडते आहे का ते पाहावं. नेहमीची सगळी कामं उघडी ठेवून ही टक्केवारी बघावी. ती साठ-पासष्टच्या आसपास असूनही संगणक मंद चालत असेल तर दोष दुसरीकडे आहे. बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क असते, तिच्या जागी एसएसडी घालावी. अशा संगणकात आणखी मेमरी घालणं म्हणजे ताप पायाला आणि पट्टी कपाळाला.

दुसरा नियम जातीचा. इथे मात्र जात पाहावीच लागते! मेमरीच्या पट्ट्यांच्या पिढ्या आहेत. डीडीआर, मग डीडीआर२, २००७ च्या सुमारास डीडीआर३, २०१४ पासून डीडीआर४, आणि २०२० मध्ये ज्याचं मानक जाहीर झालं ते डीडीआर५. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या जागेत चालत नाही. त्यांचा विद्युतदाबही वेगळा. डीडीआर३ ला दीड व्होल्ट लागतो, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. चुकीची पट्टी बसू नये म्हणून दातांच्या रांगेतली खाच प्रत्येक पिढीत थोडी सरकवलेली असते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना टेबलावरच्या संगणकासाठी २८८ दात असतात, पण खाच एका जागी नसते. पट्टी सहज बसत नसेल तर जोर लावू नये. ती आपली नव्हेच. लॅपटॉपच्या पट्ट्या वेगळ्या, आखूड. आणि पुष्कळ पातळ लॅपटॉपांत मेमरी बोर्डालाच डाख देऊन बसवलेली असते. तिथे वाढवायला जागाच नसते, म्हणून खरेदीला निघण्याआधी आपल्या मॉडेलची माहिती वाचलेली बरी. एकूण किती मेमरी चालते याचीही मर्यादा तिथेच लिहिलेली असते.

ही जात ओळखायची कशी? पट्टीवर कागदी लेबल असतं. त्यावर पीसी३ लिहिलं असेल तर डीडीआर३, पीसी४ असेल तर डीडीआर४. पीसी३ च्या पुढे एल असेल तर ती कमी दाबावर, १.३५ व्होल्टवर, चालणारी. पुढचा आकडा वेगाचा. कधी तो २४०० असा सरळ लिहितात, कधी त्याला आठने गुणून १९२०० असा. दोन्ही एकच. सर्वांत सोपा उपाय म्हणजे आपल्या संगणकातली आधीची पट्टी काढून, तिच्या लेबलाचा मोबाईलवर स्वच्छ फोटो काढून दुकानात न्यावा. आम्ही तेच केलं.

मुंबईत अशा खरेदीची ओळखीची जागा म्हणजे लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन अजून लोकांच्या तोंडातून गेलेले नाहीत. दर्शनी दुकानांत नवा माल, आणि आतल्या बोळांत, जिन्याखाली, दुरुस्तीवाल्यांच्या टेबलांवर जुना. कार्यालयं आपले संगणक बदलतात तेव्हा ते लॉटने विकले जातात. त्यांतला चालता माल सुटा होऊन इथे येतो.

दुरुस्ती करणाऱ्या एका तरुणाने माझा फोटो पाहिला आणि डब्यातून पट्टी काढली. "चाचा, आठ जीबी का ले जाओ. पुराना चार वाला भी रहने दो, बारा हो जाएगा." मी विचारलं, दोन वेगळ्या मापांच्या पट्ट्या एकत्र नांदतात का? तो म्हणाला, नांदतात, पण दोघी कमी वेगाच्या बहिणीच्या चालीने चालतात. सारख्या मापाची जोडी असेल तर काम थोडं अधिक वेगाने होतं, एवढाच फरक. मग त्याने शाळेतल्या मुलांचं साधं खोडरबर घेतलं, पट्टीचे सोनेरी दात हलक्या हाताने पुसले, कापडाने झटकले आणि पट्टी टेबलावरच्या उघड्या संगणकात बसवून दाखवली. दातांवर मळ बसला की संपर्क नीट होत नाही आणि चांगली पट्टीही मेलेली वाटते, हे त्याने सांगितलेलं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्याच्या डब्यात आणखी एक ढीग होता, मोठ्या मापाच्या आणि स्वस्त पट्ट्यांचा. मी विचारलं, तर तो म्हणाला, "वो सर्वर का है, आपके काम का नहीं." मोठ्या सर्व्हरमध्ये वापरली जाणारी 'रजिस्टर्ड' मेमरी दिसायला तशीच असते, पण घरगुती संगणकात ती चालत नाही. अशा पट्ट्या स्वस्त म्हणून गळ्यात पडतात. लेबलावर 'आर' किंवा 'ईसीसी' अशी अक्षरं दिसली तर चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता चाक फिरवून पाहण्याचा भाग. दोन गोष्टी कराव्यात. पहिली ओळखपरेड. प्रत्येक पट्टीवर एक बारीकशी वेगळी चिप असते, तिच्यात त्या पट्टीची नोंद लिहिलेली असते. माप किती, वेग किती, आणि बहुतेक वेळा कुणी बनवली आणि कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात हेही. सीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्राम ही नोंद वाचून दाखवतो. बाहेरचं लेबल एका नामांकित कंपनीचं आणि आतली नोंद दुसऱ्याच कुणाची असेल, तर लेबल बदललं आहे असं समजावं.

दुसरी गोष्ट म्हणजे रात्रभराची परीक्षा. मेमटेस्ट८६+ नावाचा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरूनच सुरू करायचा. तो मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितो, परत वाचतो, आणि लिहिलं तेच वाचलं का ते ताडून पाहतो. अनेक तऱ्हांनी, पुन्हा पुन्हा. रात्री लावून झोपावं, सकाळी पाहावं. लाल अक्षरांत एकही चूक दिसली तर पट्टी परत करावी. एक चूक चालेल असं इथे नसतं. हे जमत नसेल तर विंडोजमध्येच मेमरी तपासण्याची सोय आहे, ती थोडी कमी कसून पाहते, पण काहीच न करण्यापेक्षा बरी. म्हणून खरेदीच्या वेळी दुकानदाराशी बोलावं ते भावाआधी परतीबद्दल. "चार दिवसांत चूक निघाली तर बदलून देणार का?" याला जो सरळ हो म्हणतो आणि चिठ्ठीवर तारीख घालून देतो, त्याच्याकडून घ्यावं. 'आयुष्यभराची हमी' या शब्दांवर फार विसंबू नये. ती हमी सहसा पहिल्या खरेदीदारापुरती असते आणि बिल मागते.

एवढी तपासणी कशाला, असं वाटेल. त्यासाठी या पट्टीत चालतं काय ते थोडं पाहू. मेमरीच्या प्रत्येक घरात एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा भार साठवणारी एक अतिसूक्ष्म कुपी असते. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली आणि १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. डेनार्ड २०२४ मध्ये वारले. १९७० मध्ये बाजारात आलेल्या इंटेलच्या चिपमध्ये १,०२४ घरं होती. आज ८ जीबीच्या एका पट्टीत सुमारे ६,८७१ कोटी घरं असतात. आणि प्रत्येक कुपी गळकी. म्हणून डीडीआर४ मध्ये साधारण दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधराएक वेळा, प्रत्येक घर पुन्हा भरून घ्यावं लागतं. पाठांतर टिकवायला रोज उजळणी करावी लागते, तसंच. उर्दूत स्मरणशक्तीला हाफिजा म्हणतात, आणि कुराण मुखोद्गत असणाऱ्याला हाफिज. कुठल्याही हाफिजाला विचारा, उजळणी सुटली की आधी एखादं अक्षर सुटतं, मग ओळ. मेमरीचं तसंच आहे. वीज गेली, उजळणी थांबली, की सगळं पुसलं जातं.

एवढ्या कोटींतलं एखादं घर अधू झालं तर काय होतं? दर वेळी संगणक बंद पडतोच असं नाही. तो पडला तर एका अर्थी बरं, आपल्याला कळतं तरी. वाईट तेव्हा, जेव्हा तो चालत राहतो आणि अधू घरात जाऊन आलेला आकडा किंवा अक्षर बदलून फाइलमध्ये लिहितो. अर्जातला एक अंक, वाचनालयाच्या नोंदवहीतली एक ओळ, कुणाच्या तरी पुस्तकाची छपाईला जाणारी प्रत. त्या वेळी कुणालाच दिसत नाही. गूगलच्या हजारो संगणकांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये निदान एक चूक नोंदली गेली होती. जी पट्टी एकदा चुकली ती पुन्हा चुकण्याची शक्यता खूप वाढते आणि पट्टीचं वय वाढलं की चुकांचं प्रमाणही वाढतं, हेही त्यात दिसलं. ही जुन्या मेमरीविरुद्धची साक्ष आहे आणि ती लपवू नये. पण तिची दुसरी बाजूही पाहावी. बहुसंख्य पट्ट्यांत एकही चूक नव्हती. मेमरीत फिरणारा, झिजणारा भाग नाही. फिरत्या डिस्कसारखी ती चालून चालून थकत नाही. चांगली कोणती आणि अधू कोणती हे एका रात्रीत बऱ्यापैकी कळतं. जुन्या गाडीच्या बाबतीत एवढं कोण सांगू शकेल?

जुन्या मेमरीत आणखी एक सोय आहे. जुनी हार्ड डिस्क विकली की तिच्याबरोबर विकणाऱ्याचे फोटो, पत्रं, हिशेब जाण्याचा धोका असतो. पुसलेलंही परत काढता येतं. मेमरीचं तसं नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं होतं, की वीज बंद केल्यावरही काही सेकंद, आणि खूप थंड केल्यास काही मिनिटं, मेमरीत मजकूर उरतो. पण बाजारात येईपर्यंत तिच्यात काही शिल्लक नसतं. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने निश्चिंत असावं.

आता भावाबद्दल. मी आकडे सांगत नाही, कारण २०२५ च्या अखेरीस आम्ही खरेदीला गेलो तेव्हा सकाळचा भाव संध्याकाळी राहत नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर प्रचंड डेटा सेंटरं उभी राहू लागली. त्यांना वेगळ्या प्रकारची, थरांवर थर रचलेली मेमरी लागते. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक मेमरी बनवतात. त्यांनी कारखान्यांची ताकद तिकडे वळवली आणि साध्या पट्ट्यांचा तुटवडा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा आपला जवळजवळ तीन दशकांचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी दोनच महिने, १४ ऑक्टोबर २०२५ ला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला होता. म्हणजे जुना संगणक बदला असं एकीकडून सांगणं, आणि दुसरीकडून नव्याचा सर्वांत लहान भाग महाग होणं. छोट्या वाचनालयांनी, शाळांनी, डीटीपीवाल्यांनी करायचं काय? अशा वेळी आपल्याजवळ आहे त्यात भर घालता येते का ते आधी पाहावं. आमच्या संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालणारा होता, म्हणून मेमरी घालण्यात अर्थ होता. डीडीआर३ च्या काळातले संगणक साधारणपणे त्यात बसत नाहीत. त्यांच्यावर लिनक्स चालवायची तयारी असेल तर खर्च करावा, नाहीतर हात आवरावा.

गावी परतल्यावर त्या मुलाने संगणकाची वायर काढली, पेटीच्या लोखंडाला हात लावला, कारण अंगातली स्थिर वीज मेमरीला मारक असते, आणि पट्टी दोन्ही कडांनी दाबून बसवली. दोन्ही बाजूंच्या कड्या टक् करून लागल्या. रात्रभर परीक्षा चालली. सकाळी बाईंनी फोन करून सांगितलं, एकही चूक नाही. आता अर्ज, फोटो, सही आणि मागे पुस्तकांची नोंद हे सगळं एका वेळी उघडं राहतं आणि टक्केवारी साठच्या पुढे क्वचित जाते. ज्या मुलीचा अर्ज पावणेबाराला गेला होता, तिने त्यानंतर दोन अर्ज तिथे भरले. वीस-वीस मिनिटांत.

शेवटी एक विनंती. ज्या पट्ट्या कुणाच्या संगणकात जात नाहीत त्या कुठे जातात? दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला, जिथे त्या दातांवरच्या नावापुरत्या सोन्यासाठी लोक उघड्या हातांनी तेजाबात बोर्ड बुडवतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे असा कचरा नोंदणी केलेल्या केंद्रांकडेच जायला हवा, पण भंगाराची हातगाडी नियम विचारत नाही. तुमच्या कार्यालयात संगणक बदलले असतील, घरात माळ्यावर बंद पडलेला एखादा असेल, तर भंगारात देण्याआधी त्यातल्या मेमरीच्या पट्ट्या काढून घ्या. कागदी पाकिटात घाला, वर कोणत्या संगणकातली ते लिहा आणि जवळच्या वाचनालयात किंवा शाळेत विचारा. कुठेतरी एखादं टेबल लहान पडत असेल.